परदेशात मास्तरकी करताना शनिवार-रविवारी कुठे भटकता?

मोमोताई

नमस्कार मंडळी. जपानबद्दलचे धागे इथे ढिगाने आहेत, पण बहुतेक सगळे 'आठ दिवसांत टोकियो-क्योटो-ओसाका' छापाचे. मी इथे सरकारी शाळांमध्ये इंग्रजीची सहायक शिक्षिका आहे, आणि माझ्यासारख्यांचं गणित पर्यटकांपेक्षा पार वेगळं असतं. वेळ भरपूर, पण दोन-दोन दिवसांच्या तुकड्यांत. शुक्रवारी संध्याकाळी शाळा सुटते आणि सोमवारी सकाळी सव्वाआठला शिक्षकांच्या खोलीत हजर राहून मोठ्याने 'ओहायो गोझाइमास' म्हणायचं असतं. मधल्या वेळात काय जमतं, ते लिहायला हा धागा. जपानच पाहिजे असं नाही. थायलंड, व्हिएतनाम, कोरियातले मास्तर-मास्तरीण असतील तर त्यांनीही लिहा.

मी ओकायामा प्रांतात असते, शहरातून उत्तरेला डोंगरात शिरणाऱ्या हाकुबी लाइनवरच्या एका गावात. पुणेकरांना ओकायामा नाव नवीन नसावं. सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग ज्या कोराकुएनच्या धर्तीवर केली आहे, ते कोराकुएन इथलं. आसाही नदीतल्या बेटासारख्या जागेवर, समोर काळाकुट्ट किल्ला. १७०० साली पूर्ण झालेली बाग, आत चहाचा छोटा मळासुद्धा आहे. आल्या आल्या मी सगळ्यात आधी तिथेच गेले आणि पुण्यातल्या बागेशी ताडून बघत बसले. (पुण्यात गर्दी जास्त, इथे करकोचे जास्त.)

आता मुद्द्याचं. सुरुवातीच्या महिन्यांत मी सगळ्यांसारखीच यादी करून पळत होते. शुक्रवारच्या रात्रीची बस पकडून टोकियो, रविवारच्या रात्रीच्या बसने परत, सोमवारी वर्गात डोळे लाल. ते बंद केलं, कारण त्यात बघणं कमी आणि बसणंच जास्त होत होतं. आता नियम सोपा ठेवलाय: सकाळच्या साध्या गाडीने दोन-अडीच तासांत जिथे पोहोचता येतं तिथेच जायचं. वर्तुळ छोटं वाटतं ना? तरी ते अजून संपलेलं नाही.

उदाहरणार्थ बिच्चू-ताकाहाशी हे गाव. डोंगरावर बिच्चू-मात्सुयामा नावाचा किल्ला आहे. जुना मूळ मनोरा अजून उभा असलेले जे बारा किल्ले जपानात उरले आहेत, त्यांतला सगळ्यात उंचावरचा हा, ४३० मीटरवर. शरद ऋतूत पहाटे खाली दरीत धुकं भरतं आणि समोरच्या डोंगरावरून बघितलं तर किल्ला ढगांवर तरंगतो. तिथे एक मांजर 'किल्लेदार' म्हणून नेमलेलं आहे आणि लोक किल्ल्यापेक्षा त्याचेच फोटो जास्त काढतात.

ताकाहाशीहून तासभर बसने आत गेलं की फुकिया. पूर्वी तांब्याच्या खाणी आणि बेंगारा नावाच्या तांबड्या रंगाचा धंदा. लोहाच्या ऑक्साइडचा हा रंग चिनी मातीच्या भांड्यांना आणि लाकडाला वापरत. त्यात गाव इतकं श्रीमंत झालं की घरांच्या भिंती, जाळ्या, कौलं सगळं तांबूस. मला मात्र तिथली शाळा बघायची होती. १९०० ते १९०९ या काळात बांधलेली लाकडी प्राथमिक शाळा २०१२ पर्यंत चालू होती. वापरात असलेली देशातली सगळ्यात जुनी लाकडी शाळा म्हणून नावाजलेली. मुलं संपली म्हणून बंद झाली. माझ्या एका शाळेत सहावीच्या वर्गात सध्या चारच मुलं आहेत, त्यामुळे तिथे जरा जास्त वेळ थांबले.

या सगळ्याला जाण्याची खरी गंमत गाडीत आहे. छोट्या लाइनवर एक-दोन डब्यांची गाडी, कंडक्टर नाही. मागच्या दाराने चढायचं, चढताना यंत्रातून नंबराची चिठ्ठी ओढायची. ड्रायव्हरच्या डोक्यावर फलक असतो. प्रत्येक स्टेशनगणिक आपल्या नंबराखालचे पैसे वाढत जातात. उतरताना पुढच्या दाराने जायचं, चिठ्ठी आणि सुटे पैसे ड्रायव्हरशेजारच्या डब्यात टाकायचे. सुटे नसतील तर त्याच डब्यात नोट सरकवून मोडून घ्यायची, आणि हे गाडी थांबण्याआधी करायचं, नाहीतर मागे आजीबाईंची रांग लागते. शनिवारी त्याच गाडीत बेसबॉलच्या बॅगा घेऊन माझे विद्यार्थी भेटतात आणि पाच मिनिटांत अख्ख्या डब्याला कळतं की सेन्सेई (म्हणजे बाई) आज फुकियाला चालल्यात.

आणि सोमवारी पहिल्या तासाला ठरलेला प्रश्न: 'व्हॉट डिड यू डू लास्ट वीकेंड?' भूतकाळ शिकवायला माझ्या सहलींसारखं साधन नाही. मी फोटो दाखवते, पोरं 'यू वेंट टू...' करत ओळखतात. मग त्यांची पाळी. 'आय प्लेड बेसबॉल', 'आय प्लेड बेसबॉल', 'आय स्लेप्ट'. एकदा एक मुलगा म्हणाला, 'आय वेंट टू ग्रँडफादर हाउस, व्हेरी गुड रिव्हर', आणि पुढच्या शनिवारी मी त्या नदीवर होते. माझ्या निम्म्या सहली अशाच ठरल्या आहेत.

तुमचं काय?

घाटवाट

मस्त धागा! ४३० मीटरच्या किल्ल्याला 'सगळ्यात उंच' म्हणतात हे वाचून सह्याद्री गालात हसला असेल. सिंहगड तेराशेच्या वर आहे हो. पण बाकी वर्णन भारी. जेवणाचं काय करता? घरी सगळे माळकरी असलेल्या माणसाला तिथे जगता येईल का?

कुर्ला_टर्मिनस

मी टोकियोत आयटीत आहे, मास्तर नाही, तरी लिहितो. मोमोताई, लेखन आवडलं, पण पटलं नाही. परदेशात किती वर्षं राहणार? एक करार, दोन करार? मग गावातल्या नदीवर कसले जाताय. ओकायामाला शिंकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं मोठं स्टेशन आहे. त्यातल्या नोझोमी गाडीने शिन-ओसाका पाऊण तास, हिरोशिमा त्याहून कमी. फुकुओका, क्योटो, नारा सगळं दोन दिवसांत आरामात होतं. जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेचा कितीही फिरायचा पास काढा आणि सुटा. नद्या भारतातही आहेत.

मोमोताई

@घाटवाट, सह्याद्रीला माझा नमस्कार सांगा. :) जेवणाचं: मांस न खाणं जमतं, मासे टाळणं महाकठीण. कारण दाशी. सूप, भाजी, उडोन नूडल्सचा रस्सा, अगदी अंड्याच्या वडीतही सुक्या बोनितो माशाचं पाणी असतं, आणि विचारलं तर लोक मनापासून सांगतात की यात मासा नाही, कारण त्यांच्या लेखी तो मासा नसतोच. 'मांस नको' म्हटलं की हॅम येतं, तेही अगदी प्रेमाने. माळकऱ्याने सहलीला डबा घेऊनच निघावं. मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि एक डबी मेतकूट नेते. इथला चिकट भात आणि मेतकूट ही जोडी जमून येते, तूप मिळालं तर विचारूच नका. दुकानातल्या ओनिगिरीत, म्हणजे भाताच्या मुटक्यांत, उमे, म्हणजे खारवलेलं आंबट फळ असलेली त्यातल्या त्यात बरी, तरी मागची यादी वाचायचीच. देवळात मुक्काम केलात तर शोजिन र्‍योरी, म्हणजे भिक्षूंचं शाकाहारी जेवण मिळतं. वाकायामातलं कोयासान त्यासाठी प्रसिद्ध आहे, पण ते माझ्या वर्तुळाबाहेर. लांब सुट्टीत करायचं.

@कुर्ला_टर्मिनस, जेआर पास आपल्याला मिळतच नाही हो. तो फक्त तात्पुरत्या पर्यटकाच्या शिक्क्यावर आलेल्यांना. इथे राहणाऱ्या, निवासी कार्ड असलेल्या परदेशी माणसाला नाही. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास ५०,००० येन झाला, म्हणजे मिळाला असता तरी शनिवार-रविवारसाठी घेतला नसता.

आपल्याला परवडणारं एक तिकीट होतं: सेइशुन जुहाची. शाळांच्या सुट्ट्यांच्या काळात निघतं, फक्त साध्या गाड्यांना चालतं. पूर्वी १२,०५० येनमध्ये कुठलेही पाच दिवस वापरता यायचे, दोघा-तिघांत वाटून घेता यायचं. शनिवारवाल्यांसाठी त्याहून उत्तम काही नव्हतं. २०२४ च्या हिवाळ्यापासून ते सलग तीन किंवा सलग पाच दिवसांचं केलं, आणि एकाच माणसाचं. तीन दिवसांचं १०,००० येन. म्हणजे आता सोमवारची सुट्टी जोडून आली तरच उपयोग. मुलांच्या, मास्तरांच्या आणि म्हाताऱ्यांच्या तिकिटाची अशी वाट लावल्याबद्दल मी अजून रागात आहे.

आणि 'नद्या भारतातही आहेत' याला माझं उत्तर असं: क्योटोचा फोटो तुमच्याकडे आहे, माझ्याकडे आहे, सगळ्यांकडे आहे. फुकियाच्या शाळेत मी गेले त्या दिवशी इतर कोणीच नव्हतं.

हिरव्या_चाफ्याखाली

+१ मोमोताई. मेतकुटाला +१००.

बँकॉकच्या_अलीकडे

थायलंडची हजेरी. मी रात्चाबुरी प्रांतात शिकवतो. आमच्याकडे मे महिन्याच्या मध्यापासून मार्चपर्यंत शाळा, मध्ये ऑक्टोबरची सुट्टी, एप्रिलमध्ये सोंगक्रानची पाणीफेक. पगार तुमच्यापेक्षा कमी, पण भटकणं स्वस्त. बँकॉकहून अयुथयाला थर्ड क्लासच्या गाडीने वीसेक बाहतमध्ये जाता येतं, खिडक्या उघड्या, फेरीवाले आत. एकदम आपली पॅसेंजर.

माझ्या सगळ्यात जवळची सहल कांचनाबुरी. बान पोंगजवळच्या नोंग प्लाडुक जंक्शनहून गाडी पकडतो. क्वाय नदीवरचा पूल सगळ्यांना माहीत असतो, पण त्यापुढे नाम तोकपर्यंत गाडी जाते आणि थाम क्रासेला डोंगराच्या कडेला चिकटून लाकडी पुलावरून अगदी गोगलगायीसारखी सरकते. ही लाइन दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी कैदी आणि मजूर राबवून बांधली. गावातल्या युद्धस्मशानात जवळजवळ सात हजार दोस्त सैनिकांच्या कबरी आहेत, प्रत्येकाचा दगड, गवत कापलेलं. पण त्याहून कितीतरी जास्त आशियाई मजूर तिथे मेले, त्यांत मलायातल्या मळ्यांवरून आणलेले तमिळ लोक खूप होते. त्यांच्यासाठी असे नावांचे दगड नाहीत. माझ्या दहावीच्या पोरांना हे ठाऊक नव्हतं. त्यांना तिथला फक्त एरावानचा धबधबा माहीत, तोही सात टप्प्यांचा आणि उत्तमच आहे म्हणा.

शाकाहाऱ्यांना: पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात 'जे' लिहिलेलं दुकान शोधा. तिथे कांदा-लसूणसुद्धा नसतो, म्हणजे माळकरीच काय, चातुर्मासवालेही जेवतील.

एक महत्त्वाचं. शिक्षकाच्या व्हिसावर असाल आणि शनिवार-रविवारी लाओस किंवा मलेशियाला जायचा विचार असेल तर आधी पुनःप्रवेशाचा परवाना काढा. एकदाचा १,००० बाहत, अनेकदाचा ३,८००. तो न काढता सीमा ओलांडली की राहण्याची मुदत तिथल्या तिथे रद्द, सगळं पहिल्यापासून.

मोमोताई

@बँकॉकच्या_अलीकडे, ते मजुरांचं मलाही माहीत नव्हतं. इथेही असाच प्रकार आहे: ओकुनोशिमा बेट. तादानौमी बंदरातून छोटी बोट. लोक सशांना खाऊ घालायला जातात. शेकड्याने ससे आहेत, मांडीवर चढतात. पण १९२९ पासून युद्ध संपेपर्यंत तिथे विषारी वायू बनवायचा कारखाना होता, नकाशावरून बेट गायब केलं होतं. संग्रहालय आहे, अगदी छोटं. बोटीतून उतरलेल्या दहांतले नऊ जण गाजराच्या पिशव्या घेऊन सरळ पुढे जातात.

पुनःप्रवेशाचं जपानमध्ये सोपं आहे. वर्षाच्या आत परत येणार असाल तर निघताना विमानतळावरच्या कार्डावर एक खूण करायची, बस्स. आपली अडचण वेगळीकडे आहे. माझे अमेरिकन, ब्रिटिश सहकारी सोमवार जोडून आला की सेऊलला जाऊन येतात, गुरुवारी ठरवतात. आपल्या पासपोर्टवर कोरियाचा व्हिसा आधी काढावा लागतो, म्हणजे कागदपत्रं आणि अर्ज. त्यामुळे 'चल ना गं, दोनच तास लागतात' याला माझं उत्तर ठरलेलं. तैवान त्या मानाने सोपं: जपानचं निवासी कार्ड असलेल्या भारतीयांना ऑनलाइन प्रवेशपत्र मिळतं, फुकट. नियम बदलत असतात, निघण्याआधी त्यांच्याच संकेतस्थळावर बघा.

निरभ्र९

मी जेट प्रोग्रामला (जपान सरकारची परदेशी सहायक शिक्षक नेण्याची योजना) अर्ज करायचा विचार करतेय. रजा किती मिळते? आणि खेड्यात पोस्टिंग मिळालं तर गाडीशिवाय भटकता येतं का? आई म्हणते खेड्यात नको.

मोमोताई

@निरभ्र९, जेट १९८७ पासून चालू आहे, भारतातून मोजकीच माणसं घेतात. पदवी हवी, अर्ज शरदात, मुलाखत हिवाळ्यात, निघायचं जुलैअखेर-ऑगस्टमध्ये. करार वर्षाचा, जास्तीत जास्त पाच वर्षं. गाव आपण निवडत नाही, ते निवडतात. पसंती लिहिता येते, तिचं काय होतं ते देव जाणे.

पगारी रजा वर्षाला किमान दहा दिवस, काही ठिकाणी वीस. पण खरी चावी दुसरीच आहे: दाइक्यू. शनिवारी खेळाचा दिवस किंवा पालकांसाठी वर्ग असला की बदली सुट्टी आठवड्यात मिळते, बहुतेक सोमवारी. सगळा देश कामावर आणि तुम्ही मोकळ्या! फक्त सोमवारी संग्रहालयं बंद असतात, कलासंग्रहालयांच्या नाओशिमा बेटावर तर चुकूनही सोमवारी जाऊ नका. शाळेचं वार्षिक वेळापत्रक एप्रिलमध्ये मिळतं, त्या दिवशीच बसून खुणा करायच्या. एप्रिलअखेर ते ५ मेचा गोल्डन वीक आणि ऑगस्टच्या मध्यातला ओबोन, म्हणजे त्यांचा पितरांचा सण, हे दोन काळ मात्र घरी बसायचे. सगळं महाग आणि सगळीकडे रांगा.

रजा घेऊन कुठे गेलात तर शिक्षकांच्या खोलीत खाऊ आणायचा, ही अलिखित सक्ती. सुटी सुटी बांधलेली मिठाई हवी, आणि नगांची संख्या माणसांपेक्षा जास्त. हिरोशिमाहून मोमिजी मांजू आणली की मी सकाळच्या सभेआधी प्रत्येक टेबलावर एकेक ठेवत जाते. मुख्याध्यापकांपासून सुरुवात, शेवट शाळेची डागडुजी करणाऱ्या काकांपाशी. तेच काका मग सांगतात की पुढच्या महिन्यात कुठल्या देवळाची जत्रा आहे. बिचाऱ्या इतर शिक्षकांना असं फिरता येत नाही, शनिवारी ते क्रीडा मंडळांच्या सरावाला शाळेतच असतात. मला दुकानात 'सेन्सेई, आज कुठे?' विचारतात तेव्हा थोडं कसंतरीच होतं.

गाडी: भारतातला आंतरराष्ट्रीय परवाना इथे उतरल्यापासून एक वर्ष चालतो. नंतर जपानी परवाना करून घ्यायचा, लेखी आणि मैदानावरची चाचणी, आणि ऑक्टोबर २०२५ पासून लेखीत दहाऐवजी पन्नास प्रश्न. मी गाडी घेतली नाही, सायकल आणि रेल्वेवर भागतं. पण पावसाळ्यात, जून-जुलैत, डोंगरातल्या लाइनी बंद पडतात. २०१८ च्या जुलैतल्या पुरात कुराशिकीचं माबी गाव बुडालं, हाकुबी लाइनही तुटली होती. त्या दिवसांत मी समुद्राकडे जाते. आईला सांग, खेड्यातच जास्त काळजी घेतात. मी दोन दिवस दिसले नाही तर शेजारच्या आजी दारात काकडी ठेवून जातात.

दुपारचा_चहा

मोमोताई, तुला अगं-तुगं करते, माझी लेक तुझ्याच वयाची असावी. मी निवृत्त शिक्षिका, छत्तीस वर्षं पाचवी ते सातवी. लेकीकडे कोबेला गेले होते, तेव्हा फेब्रुवारीत सायदाइजीची ती अर्धनग्न पुरुषांची जत्रा बघायला आम्ही ओकायामाला आलो. तिसरा शनिवार, हाडं गोठवणारी थंडी, हजारो पुरुष नुसत्या लंगोटात, आणि रात्री दहाला दिवे घालवून वरून लाकडी दांडके टाकतात ते पकडायला ही झुंबड! पाचशे वर्षांची प्रथा म्हणे. जावईबापूंना उतरायचं होतं, लेकीने उतरू दिलं नाही. आधी बायकांचं ढोलवादन होतं, ते मला जत्रेपेक्षा आवडलं.

एक विचारू? विद्यार्थी गाडीत भेटतात, दुकानात भेटतात, तुझं खाजगी असं काही राहतं का? आमच्या वेळी भाजी घेताना पालक भेटले की कोबी हातात धरून पालकसभा व्हायची. त्यामुळे मी सुट्टीत मुद्दाम लांब जायचे.

मोमोताई

@दुपारचा_चहा, मावशी, खाजगी राहत नाही. गरम पाण्याच्या सार्वजनिक कुंडात विद्यार्थिनीची आजी भेटली होती, दोघींच्या अंगावर काही नाही, आणि ती नातीच्या इंग्रजीच्या मार्कांबद्दल बोलतेय. तेव्हापासून ओनसेनला मात्र मी लाइनच्या पार दुसऱ्या टोकाला जाते. बाकी ठिकाणी हरकत नाही. पण तुम्ही सुट्टीत मुद्दाम लांब का जायचात ते कळतंय.

कुर्ला_टर्मिनस

हाहा, कुंडातली पालकसभा! बरं, क्योटोवरून मी हटणार नाही, पण एक कबूल: रेल्वेच्या बाबतीत ओकायामाला तोड नाही. सनराइज गाडीचं कोणी लिहिलं कसं नाही? टोकियोहून रात्री सुटते, सकाळी साडेसहाच्या सुमारास ओकायामाला गाडीचे दोन तुकडे होतात. 'सेतो' नावाचा तुकडा समुद्रावरच्या पुलावरून ताकामात्सुला, 'इझुमो' नावाचा डोंगर ओलांडून पलीकडच्या किनाऱ्याला. लोक झोपेतून उठून चपला घालून फलाटावर डबे सुटताना बघायला उतरतात. आणि 'नोबीनोबी' म्हणून गालिचा घातलेली आडवं व्हायची जागा असते, तिला बर्थचे पैसे नाहीत, राखीव सीटचेच.

मोमोताई

@कुर्ला_टर्मिनस, मी ती दर वेळी फलाटावरून बघितली आहे, आत बसले नाही. नोबीनोबी मिळते का सहज?

घाटवाट

मार्चमध्ये येतोय, तिकीट काढलं! फुकियाच्या बसचं सांगा. रविवारी एका दिवसात किल्ला आणि फुकिया दोन्ही होईल? चालायची तयारी आहे.

मोमोताई

@घाटवाट, दोन्ही एका दिवसात नका कोंबू. फुकियाला दिवसातून मोजक्याच बस, सुट्टीच्या दिवशीचं वेळापत्रक वेगळं, आणि परतीची शेवटची दुपारीच जाते. ती चुकली तर टॅक्सीला बिच्चू-ताकाहाशीपर्यंत खिसा रिकामा होईल. शनिवारी फुकिया, ताकाहाशीत मुक्काम, रविवारी सकाळी किल्ला. फुइगो खिंडीपर्यंत वाहन जातं, तिथून वीस मिनिटांची चढण. तुम्ही खालून चालतच या, सह्याद्रीवाल्यांना तेवढं हवंच. मार्चमध्ये धुक्याची खात्री नाही. आणि येताना अर्धा किलो भाजणी आणाल का? पैसे देईन.

कुर्ला_टर्मिनस

@मोमोताई, सहज नाही मिळत. बरोबर महिनाभर आधी सकाळी दहाला बुकिंग उघडतं आणि सुट्टीच्या रात्रीच्या नोबीनोबी काही मिनिटांत संपतात. तुमचा तेव्हा तास असणार. तारीख कळवा, इकडून खिडकीवर मी उभा राहतो.